पूरग्रस्तांच्या छावणीतील पिण्याचे पाणी

आंबोलीच्या परिसरात उगम पावून आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत जाणारी आणि पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळणारी हिरण्यकेशी ही आपल्या भागाची जीवनदायिनी आहे. पावसाळ्यात मात्र तिचे दुसरे रूपही आपणांस पाहावे लागते. ऐनापूर, निलजी येथील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जाणे, भडगावच्या पुलावर पाणी आल्याने चंदगडकडील वाहतूक थांबणे, या गोष्टी येथील रहिवाशांना नव्या नाहीत. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर नेहमीच्या पुरांच्या पलीकडचे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ताम्रपर्णीच्या पाण्याने कोवाडची बाजारपेठ बुडाली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे रिकामी करावी लागली आणि लाखो माणसे शाळा, मंगल कार्यालये, मंदिरांचे सभामंडप व नातलगांची घरे यांच्या आश्रयास गेली.

अशा वेळी समाज धावून येतो. अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण यांची सोय अल्पावधीत होते. पाण्याचा टँकरही येतो. टँकर आला म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वैद्यकीय अनुभव मात्र वेगळा आहे. टँकरमधील पाणी शुद्ध असूनही छावणीत अतिसाराचे रुग्ण आढळतात, कारण टँकरच्या तोटीपासून पिणाऱ्याच्या ओठांपर्यंतच्या प्रवासात ते पुन्हा दूषित होते. हा प्रवास अवघ्या काही पावलांचा असतो. परंतु रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. तो सुरक्षित कसा करावा, हे आमच्या वाचकांना व हितचिंतकांना सांगण्यासाठी या लेखाचे प्रयोजन आहे.

पाणी असूनही पाणी का नाही

सभोवार पाणी पसरलेले असताना पिण्यास पाणी नसावे, हे वरवर पाहता विचित्र वाटते. कारण साधे आहे. आपल्या बहुतेक गावांच्या नळपाणी योजना नदीवर अवलंबून आहेत. त्यांच्या जॅकवेल व पंपगृहे नदीकाठीच असतात. पूर आला की सर्वप्रथम तीच बुडतात आणि सुरक्षिततेसाठी वीजपुरवठाही खंडित करावा लागतो. २०१९ मध्ये कोल्हापूर शहराची उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने शहराचाही पाणीपुरवठा बंद पडला आणि नागरिकांना कित्येक दिवस टँकरवर विसंबून राहावे लागले. त्याच काळात पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने बाहेरून मदत पोहोचणेही दुरापास्त झाले होते.

विहिरी व कूपनलिकांची स्थिती याहून बिकट होते. पुराचे पाणी शौचालयांच्या टाक्या, उकिरडे, गोठे आणि गटारे यांतून फिरून विहिरीत उतरते. वरकरणी नितळ दिसणाऱ्या अशा विहिरीच्या पाण्यात विष्ठेतील जंतू असण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणून पुराचा स्पर्श झालेला प्रत्येक जलस्रोत, त्याचे निर्जंतुकीकरण होईपर्यंत, दूषितच समजला पाहिजे.

आजारांचे वेळापत्रक

दूषित पाण्यामुळे होणारे आजार एकाच वेळी प्रकट होत नाहीत. त्यांचे एक वेळापत्रक असते आणि ते ठाऊक असणे कार्यकर्त्यांस उपयुक्त ठरते. पटकीची बाधा झाल्यास काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत लक्षणे दिसू लागतात. विषमज्वरास साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात. पाण्यावाटे पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ तर दोन ते दहा आठवड्यांनी उद्भवते. याचा अर्थ असा, की छावणीत प्यालेल्या पाण्याचे फळ कित्येकदा छावणी उठून कुटुंब घरी परतल्यावर, घराची साफसफाई आटोपून शेतीच्या कामास लागल्यावर भोगावे लागते. तोपर्यंत छावणी विस्मरणात गेलेली असते आणि आजाराचा संबंध तेथील पाण्याशी कोणी जोडत नाही.

‘ई’ प्रकारची कावीळ गर्भवती स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, अत्यंत घातक ठरते. अशा स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण पाचात एक किंवा त्याहूनही अधिक असू शकते. हा धोका आपल्या जिल्ह्यास अपरिचित नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हे अनेकांच्या स्मरणात असेल. छावणीत दाखल होणाऱ्या गर्भवती मातांची नोंद पहिल्याच दिवशी घेऊन त्यांच्या पाण्याची विशेष काळजी घ्यावी, असा आग्रह आम्ही धरतो, तो याच कारणाने.

विस्थापितांच्या छावणीत पाण्याची व्यवस्था कोलमडल्यास काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण जगाने १९९४ साली पाहिले. रवांडातील नरसंहारानंतर लाखो निर्वासित सीमा ओलांडून झाईर देशातील गोमा या शहराजवळ एकवटले. शुद्ध पाण्याची सोय होण्यापूर्वीच पटकी व हगवण यांची साथ उसळली आणि पहिल्या महिनाभरात सुमारे ५०,००० माणसे दगावली. आपल्याकडील छावण्या आकाराने लहान व अल्पकाळाच्या असतात. तेवढा हाहाकार येथे होण्याचे कारण नाही. परंतु रोग पसरण्याचा मार्ग तोच असतो.

किती पाणी लागते

आपत्तीकाळातील मदतकार्यासाठी ‘स्फिअर’ ही आंतरराष्ट्रीय मानकसंहिता जगभर वापरली जाते. तिच्यानुसार प्रत्येक माणसास दररोज किमान १५ लिटर पाणी मिळावे. त्यांपैकी पिण्यासाठी अडीच ते तीन लिटर लागते. उरलेले स्वयंपाक, हात धुणे व अंगाची स्वच्छता यांसाठी. एका तोटीवर २५० हून अधिक माणसे अवलंबून नसावीत, पाण्याचे ठिकाण ५०० मीटरच्या आत असावे आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ जाऊ नये, असेही ही संहिता सांगते.

उदाहरणादाखल एखाद्या शाळेत ६० कुटुंबांतील ३०० माणसे उतरली आहेत असे समजू. त्यांना दररोज ४,५०० लिटर पाणी लागेल. त्यांपैकी ९०० लिटर केवळ पिण्याचे. किमान दोन तोट्या हव्यात. १०,००० लिटरचा एक टँकर त्यांना दोन दिवस पुरू शकेल. मात्र ते पाणी साठविण्यास टाकी हवी. टाकी नसेल तर टँकर उभा असेपर्यंत घागरी, बादल्या, डबे, जे हाती लागेल ते भरून घेण्याची धावपळ होते. दूषितीकरणाची पहिली संधी नेमकी येथेच निर्माण होते.

पाणी अपुरे मिळाल्यास माणसे पिण्याचे पाणी कमी करीत नाहीत. हात धुण्याचे कमी करतात. म्हणून शुद्धतेइतकेच पाण्याचे प्रमाणही रोगप्रतिबंधासाठी महत्त्वाचे आहे.

टी. सी. एल. आणि क्लोरिनची तपासणी

आपल्या ग्रामपंचायतींना परिचित असलेली टी. सी. एल. पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, हे आजही निर्जंतुकीकरणाचे सर्वांत स्वस्त व खात्रीचे साधन आहे. चांगल्या प्रतीच्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्यास अशी ५ ग्रॅम पावडर घातल्यास प्रतिलिटर सुमारे १.६ मिलिग्रॅम क्लोरिन मिळतो. पावडर थेट टाकीत न टाकता बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, चुन्याचा गाळ तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतून ढवळावी. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, ते पाणी वापरू नये.

वरील उदाहरणातील शाळेस या हिशेबाने दररोज २२ ते २३ ग्रॅम पावडर लागेल. पंधरा दिवस छावणी चालली तरी अर्ध्या किलोच्या आतच काम भागेल. एवढ्या अल्प खर्चाच्या वस्तूअभावी कोणाचे मूल दगावू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली, पावडरीचा कस. उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवलेल्या टी. सी. एल. मधील क्लोरिन उडून जातो. पावडरीचा कस ३३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला असल्यास तेवढ्याच मात्रेतून निम्म्याहून कमी क्लोरिन मिळतो आणि कार्यकर्त्याला मात्र आपण औषध टाकले याचे समाधान वाटत राहते. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. दुसरी दक्षता गढूळपणाची. गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवर व सेंद्रिय कचऱ्यावरच खर्च होतो. असे पाणी आधी तुरटी फिरवून निवळून, फडक्याने गाळून घ्यावे व मगच टी. सी. एल. घालावी. तुरटीने पाणी स्वच्छ दिसते, पण त्यातील जंतू मरतातच असे नाही; तुरटी हा क्लोरिनला पर्याय नव्हे.

औषध टाकले, एवढ्याने काम पूर्ण होत नाही. पाण्यात क्लोरिन शिल्लक उरला आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी ग्रामपंचायतींत ओ. टी. चाचणी प्रचलित आहे. पाण्यात ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे असे समजते. हा रंग पहिल्या दहा सेकंदांतच पाहावा, कारण नंतर दिसणाऱ्या रंगात निर्जंतुकीकरणास कमी उपयुक्त असा संयुक्त क्लोरिनही मोजला जातो. डी. पी. डी. गोळीच्या चाचणीत रंग गुलाबी येतो. तोटीपाशी प्रतिलिटर किमान ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन आढळला पाहिजे. हा शिल्लक क्लोरिन म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत जाणारा पहारेकरी होय.

टँकरच्या तोटीपासून ओठांपर्यंत

तोटीवर योग्य क्लोरिन असलेले पाणी कुटुंबाच्या भांड्यात गेल्यावर काय होते, हे पाहू. भांडे बहुधा रुंद तोंडाचे असते. त्यावर झाकण नसते. पाणी घेण्यासाठी पेला हाताने बुडविला जातो आणि बोटे पाण्यात जातात. लहान मूल त्याच भांड्यात हात घालते. छावणीत हात धुण्यास साबण व पाणी दोन्ही तुटपुंजे असते, शौचालये अपुरी असतात. काही तासांतच शिल्लक क्लोरिन संपतो आणि संध्याकाळी त्याच भांड्यातील पाणी सकाळच्या पाण्याइतके सुरक्षित राहत नाही.

हा केवळ तर्क नाही. आफ्रिकेतील मलावी देशात मोझांबिकमधून आलेल्या निर्वासितांच्या एका छावणीत १९९३ साली याचा पद्धतशीर अभ्यास झाला. काही कुटुंबांना झाकण व पाणी ओतण्यासाठी तोटी असलेली, हात आत जाऊ न शकणारी बादली देण्यात आली. इतर कुटुंबांनी नेहमीचीच भांडी वापरली. दोन्ही गटांचा पाण्याचा स्रोत एकच होता. तरीही सुधारित बादली वापरणाऱ्या घरांत साठविलेल्या पाण्यातील विष्ठाजन्य जंतूंचे प्रमाण सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळले आणि पाच वर्षांखालील मुलांतील अतिसार ३१ टक्क्यांनी घटला. कोणतेही नवे औषध नाही, यंत्र नाही. केवळ भांडे बदलले.

यावरून छावणीसाठी काढावयाचा निष्कर्ष सरळ आहे. प्रत्येक कुटुंबाला दोन भांडी मिळाली पाहिजेत. एक पाणी आणण्यासाठी आणि दुसरे, झाकणाचे व तोटीचे, साठविण्यासाठी. तोटीचे भांडे न मिळाल्यास अरुंद तोंडाची कळशी व लांब दांड्याचे ओगराळे वापरावे आणि ते ओगराळे जमिनीवर न ठेवता टांगून ठेवावे. क्लोरिनची तपासणी केवळ टँकरवर न करता दररोज चार-पाच कुटुंबांच्या भांड्यांतील पाण्याचीही करावी. तेथे क्लोरिन आढळला नाही, तर मेडिक्लोरचे थेंब किंवा क्लोरिनच्या गोळ्या बाटलीवरील अथवा पाकिटावरील सूचनेनुसार भांड्यातच वापराव्यात.

पाण्याला औषधाचा वास येतो, अशी तक्रार छावणीत हमखास होते आणि मग कोणी शेजारच्या विहिरीचे ‘गोड’ पाणी आणून पितात. या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये. पाणी वाटण्यापूर्वी पुरेसा वेळ ठेवल्यास वास कमी होतो. तो सौम्य वास म्हणजे पाणी राखले जात असल्याची खूण आहे, हे घरातील ज्येष्ठ स्त्रियांना विश्वासात घेऊन समजाविल्यास त्या स्वतःच इतरांना सांगू लागतात.

इतर उपायांविषयी

उकळलेले पाणी उत्तमच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले तरी जंतू मरतात. परंतु तीनशे माणसांचे पाणी उकळण्याइतके इंधन छावणीत नसते. तान्ह्या बाळांसाठी व गर्भवती मातांसाठी मात्र सामुदायिक स्वयंपाकघरात ही सोय अवश्य करावी. उन्हात पारदर्शक बाटल्या ठेवण्याची पद्धत इतरत्र उपयुक्त असली, तरी आपल्याकडील पूर ढगाळ दिवसांतच येतो. शाळेच्या पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी हा एक चांगला स्रोत आहे. सुरुवातीचा काही वेळ पत्रा धुऊन जाऊ द्यावा, नंतरचे पाणी टाकीत धरून टी. सी. एल. घालून वापरावे.

२०१९ च्या महापुरात राज्यभरातून आलेल्या मदतीत बाटलीबंद पाण्याचे खोके मोठ्या प्रमाणावर होते. त्यामागील भावना निःसंशय मोलाची आहे आणि पहिल्या एक-दोन दिवसांत, रस्ते बंद असताना, हे पाणी उपयोगीही पडते. परंतु ते केवळ पिण्यापुरते पुरते, वाहतुकीस जड असते आणि मागे प्लॅस्टिकचा ढीग ठेवते. त्याच खर्चात आलेली झाकणाची भांडी, साबण व तपासणीची साधने छावणी उठेपर्यंत, आणि नंतर घरीही, उपयोगी पडतात.

पाणी हेच औषध

सर्व दक्षता घेऊनही अतिसार झाल्यास पहिला उपचार पाण्याचाच आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पाण्यातून पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज आपण जिला जलसंजीवनी म्हणतो, तिची उपयुक्तता अशा छावणीतच सिद्ध झाली.

जलसंजीवनीचे पाकीट नसल्यास एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे व प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजत राहावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून मापात चूक करू नये. मुलाचे अंगावरचे दूध व अन्न बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलांना १४ दिवस झिंक द्यावे. मूल सुस्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, पाणी पिता न येणे किंवा शौचात रक्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तोपर्यंत, मूल गिळू शकत असेल तर, वाटेतही जलसंजीवनी चालू ठेवावी.

जबाबदारी कोणाची

प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. गावच्या स्रोताची तपासणी होऊन ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे किंवा लाल कार्डही मिळते. ही व्यवस्था चांगली आहे. परंतु ती गावच्या स्रोतासाठी आहे. तीन गावांची माणसे एका शाळेत एकत्र आली, की तेथील टाकीची व भांड्यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणून छावणी सुरू होताच पहिल्या तासात पाण्यासाठी दोन व्यक्ती, शक्यतो एक शिक्षक आणि विस्थापित कुटुंबांतीलच एक जाणती स्त्री, नावानिशी नेमाव्यात. टँकर केव्हा आला, किती टी. सी. एल. घातली, तोटीवर व भांड्यांत क्लोरिन आढळला का आणि आज किती जणांना जुलाब झाले, या चार गोष्टींची एक साधी वही ठेवावी. जुलाबांची संख्या वाढू लागली तर ती वहीच सर्वांत आधी सांगेल.

हेच शिक्षण पुराविनाही उपयोगी आहे. दरवर्षी गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी येणारी कुटुंबे आपल्या परिसरात पाल ठोकून कित्येक महिने राहतात. त्यांचे विस्थापन बातम्यांत येत नाही, पण त्यांच्या मुलांचे पाणीही उघड्या भांड्यातच असते. झाकणाचे, तोटीचे भांडे व मेडिक्लोरची बाटली त्या पालातही तितकेच काम करील.

आमच्या देणगीदारांस व कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे, की मे अखेरपर्यंत आपल्या गावातील संभाव्य निवारा केंद्राची पाहणी करावी. पाण्याची टाकी व तोट्या आहेत का, टी. सी. एल. चा डबा कोरडा व ताजा आहे का, तपासणीचे द्रावण मुदतीतील आहे का आणि प्रत्येक कुटुंबास देण्याजोगी झाकणाची भांडी कोठून मिळतील, एवढे पाहून ठेवावे. पूर येणे आपल्या हाती नाही. आश्रयास आलेल्या मुलाला दिलेला पाण्याचा पेला त्याला आजारी पाडणार नाही, याची व्यवस्था करणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.